बारा नंबरच्या खोलीतलं बदक

कॉलेजच्या पर्यटन विभागाला पाच वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. "ताईंबद्दल तुम्हीच लिहा," असं प्राचार्यांनी मला सांगितलं. माझं आजवरचं सगळं लेखन 'सविनय सादर'ने सुरू होऊन 'आदेशार्थ'वर संपलेलं आहे, तेव्हा मला सोडा म्हणावं असं फार वाटलं. पण नाही म्हणायलाही धीर लागतो. म्हणून लिहितो. चुकलं तर कापून टाकावं. नाही कापलं तरी चालेल, स्मरणिका कोण वाचतं?

ताई माझी थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी ती घर सोडून बसने चार तासांवरच्या तळ्याकाठच्या गावी गेली आणि तिथल्या मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला लागली. वडिलांनी सहा महिने तिचं नाव काढलं नाही. शेजारच्यांनी चौकशी केली की आई सांगायची, "ती प्रशासनात आहे." दोन वर्षांनी मी खरोखरच प्रशासनात चिकटलो, सरकारी कचेरीत, तेव्हा वडिलांनी गल्लीभर लोकांचं तोंड गोड केलं.

मी अडतीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. माझ्यासमोर आलेला माणूस उठताना मनात एकच म्हणायचा, की पुन्हा इथे यायची वेळ न येवो. ताईच्या हॉटेलातून निघालेला माणूस विचारायचा, "पुढच्या वर्षी हीच खोली मिळेल का?" दोघांपैकी कोणाचं काम चांगलं, याबद्दल घरात कधीच दुमत नव्हतं. माझं.

हॉटेलात तिला 'इस्त्रीबाई' म्हणायचे. तिने घातलेल्या चादरीवर सुरकुती नसायची आणि तिच्या कपाळावरही नसायची. एकेका मजल्यावरून वर चढत ती शेवटी सगळ्या हाउसकीपिंगची प्रमुख झाली. हाताखाली चाळीस माणसं. माझ्या हाताखाली अखेरपर्यंत एक पंखा होता, तोही खात्याचा.

मी एकदाच तिच्या हॉटेलात गेलो होतो. तळं बघितलं. पाणी होतं. मी म्हणालो, "एवढं काय आहे यात?"

ताई म्हणाली, "तळं बिचारं काही करत नाही. तुझ्या खात्यासारखं पडून असतं. पण ते बघायला एक माणूस आला ना, की त्याच्यामागे बसवाला जगतो, नाववाला जगतो, धोबी, भाजीवाली, भांडी घासणारी, आणि थंडी नसताना टोपी गळ्यात मारणारा तो समोरचा. सगळा गाव त्या अर्ध्या तासाच्या बघण्यावर उभा आहे."

मी टोपी घेऊन परत आलो.

ताई निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. माझी बायको गेलेली, ताईने लग्न केलेलं नाही, घर दोन खोल्यांचं. येताना तिने एक पत्र्याची पेटी आणली. हॉटेलात पाहुणे ज्या वस्तू विसरून जातात त्या एका कपाटात ठेवत. वर्षभरात कोणी मागितलं नाही तर वस्तू कपाट सांभाळणाऱ्याची. ताईने कधी एक काडीही वापरली नाही. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून ती पेटीत घातली, आणि सोबत एक वही. ही पेटी माझ्या खाटेखाली राहायला आली. आत अकरा चष्मे होते, डाव्या पायाच्या सात चपला, एक बासरी, कवळीचा वरचा भाग, आणि पायाचं अख्खं प्लास्टर. हा माणूस चालत आला कसा आणि गेला कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एका सासूबाईंची तसबीरही होती. ती कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून सापडली होती.

"यांना कळवत का नाहीस?" मी विचारलं. "वहीत पत्ते आहेत की."

"कळवायचं नसतं," ताई म्हणाली. "माणूस आमच्याकडे आला होता हे त्याच्या घरी माहीत असेलच असं नाही. कोणाबरोबर आला होता, तेही नाही. वस्तू जपायची आणि वाट बघायची. त्याने स्वतः येऊन मागितली आणि बरोबर वर्णन केलं, की द्यायची. तोवर आपण त्याला कधी बघितलेलंच नाही."

"आणि आलाच नाही तर?"

"तर जपायची."

मला हे पटलं नाही. ज्या प्रकरणाचा निकाल लागत नाही ते खाटेखाली घेऊन मला झोप येत नाही. पण मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

पहिले काही महिने ताईने घरात हॉटेल चालवलं. मी न्हाणीघरात असलो की दारावर तीनदा टकटक आणि "हाउसकीपिंग!" मी उशीवरून डोकं उचललं की अभ्रा बदललेला. मग करण्यासारखं काही उरेना. एक दिवस ती माझे हातरुमाल आकारवार लावताना दिसली. सगळे एकाच आकाराचे होते.

त्याच सुमारास कॉलेजने पर्यटन आणि हॉटेल कामाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढायचं ठरवलं, आणि प्राचार्य ताईला बोलवायला घरी आले. अट एकच होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पंधरा नावं आली पाहिजेत. नाही आली तर वर्ग उघडणार नाही. ताईने त्या रात्रीच वर्गाचा नकाशा काढला, त्यात तीन खाटा मांडल्या. चाळीस वर्षांत शिकलेलं कोणालातरी देता येईल, म्हणून तिचा चेहरा पुन्हा कामाच्या दिवसासारखा दिसायला लागला होता.

बुधवारपर्यंत चौदा नावं आली.

पंधराव्या नावासाठी प्राचार्यांनी त्याच संध्याकाळी पालकांची सभा बोलावली. पर्यटन खात्यातले एक साहेब आले. त्यांनी पडद्यावर गोल चित्रं दाखवली, रंगीत, कापलेल्या फळासारखी, आणि प्रत्येक फोडीला उज्ज्वल भवितव्य होतं. पालकांचे डोळे मिटत चालले. शेवटी साहेबांनीही एक जांभई दाबली आणि ताईला बोलायला सांगितलं.

ताईला भाषण येत नाही. तिने दोन टेबलं जोडून घेतली, गादी टाकायला लावली आणि चादर घातली. चार कोपरे, बहुतेक दीड मिनिट. लोक जागे झाले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हणजे तीन वर्षं शिकून माझी मुलगी लोकांच्या गाद्या झटकणार?"

हे चौकातले औषधवाले. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला प्रवेश घ्यायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताई त्यांच्याकडे बघून क्षणभर थांबली. मग म्हणाली, "सुरुवात गादीपासूनच. तुम्ही दुकानात काय विकता?"

"औषधं."

"सगळ्यात जास्त?"

"पोट साफ व्हायची," कोणीतरी परस्पर सांगितलं. हशा पिकला.

"तुम्ही लोकांची पोटं साफ करता, मी खोल्या करते," ताई म्हणाली. "दोन्ही गरजेचं आहे. माझ्याकडचा माणूस मात्र पुढच्या वर्षी हौसेने परत येतो."

औषधवाले लालबुंद झाले. "फिरायला जाणं म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले! मी जन्मात कुठे गेलो नाही. काही अडलं? दुसऱ्यांच्या चैनीवर माझी मुलगी पोट भरणार नाही." आणि मुलीला उठवून ते निघून गेले.

ताईने चादरीची घडी घातली. घरी आल्यावर तिने खाटेखालून पेटी ओढली, उघडली, आत बघितलं आणि पुन्हा बंद केली. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी पेटी उघडली. चोरी नव्हे, मी फक्त नोंदी तपासल्या. अकरा वर्षांपूर्वीचं पान, आमच्याच गावाचा पत्ता, औषधवाल्यांचं नाव. खोली क्रमांक बारा. पाहुणे: एक. वस्तू गादीखाली सापडली. आणि पेटीच्या तळाशी तीच चिठ्ठी बांधलेली, घडी घालून ठेवलेली पोहायची रबरी रिंग. लहान मुलांची असते तशी, पिवळी, पुढे बदकाचं तोंड.

जन्मात कुठे न गेलेल्या माणसाचं बदक माझ्या हातात होतं.

मला वाटलं, वस्तू परत मिळाली की माणूस विरघळेल, मुलीला पाठवेल, ताईचा वर्ग उघडेल, आणि एक अकरा वर्षांचं प्रलंबित प्रकरण निकाली निघेल. समोरासमोर सांगायची मला लाज वाटते, म्हणून मी पत्र लिहिलं. पोहायची रिंग, बदक वगैरे उल्लेख केला तर त्यांना संकोच वाटेल, असं वाटून तो टाळला. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती अशी:

"विषय: हॉटेलमधील आपली वस्तू परत नेण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तळ्याकाठच्या हॉटेलातील खोली क्र. १२ मध्ये आपण गादीखाली ठेवून विसरलेली खासगी वस्तू माझ्या भगिनीने आजवर जपून ठेवलेली आहे. तरी ती सोयीनुसार घेऊन जावी."

दुकानात औषधवाले नव्हते. गल्ल्यावर त्यांची बायको होती, सगळे तिला वहिनी म्हणतात. मी पत्र तिच्या हातात दिलं, नमस्कार केला आणि हलक्या मनाने घरी आलो.

शुक्रवारी सकाळी वहिनी आमच्या दारात उभ्या. डोळे सुजलेले, पत्र मुठीत चुरगळलेलं.

"कोण ही भगिनी?"

"मीच," ताई म्हणाली. तिने पत्र वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"काय जपून ठेवलंय माझ्या नवऱ्याचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"कोणाबरोबर होते ते तिथे? कोण होती ती? की तुम्हीच..."

"वहिनी, आमच्याकडे कोण आलं आणि कोण नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. पोलिसांनी कागद आणला तर त्यांना सांगते."

"परिषद आहे म्हणून सांगून जायचे! सात वर्षं! औषधवाल्यांची परिषद! मी डबा भरून द्यायची!" वहिनींना रडू कोसळलं. "काल विचारलं तर म्हणतात, असल्या पत्राबद्दल मला काही माहीत नाही. आणि पोरीला म्हणे त्या बाईच्या वर्गात? घरातून पाऊल तर टाकू दे!"

"पण वहिनी," मी तोंड उघडलं, "ते तर साधं..."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. मला ती चाळीस वर्षांत असं बोलली नव्हती. मी बसलो.

"ज्यांची वस्तू आहे त्यांनी यावं," ती वहिनींना म्हणाली, "आणि वर्णन करून घेऊन जावी."

वहिनी गेल्यावर मी म्हणालो, "अगं, एक शब्द बोलली असतीस तर सगळं मिटलं असतं. बिचारा बदक घेऊन एकटाच डुंबत होता, एवढंच तर सांगायचं."

"त्याने घरी सांगितलं नाही, म्हणजे त्याला ते सांगायचं नाही. बदक असो की बाई, आपल्याला काय?"

"वर्ग जाईल ताई."

"माहीत आहे." ती उठली आणि वर्गाचा नकाशा घडी घालून कपाटात ठेवून आली. घडी नेहमीसारखीच सरळ होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. खाटेखाली गेलो असतो, पण तिथे पेटी होती.

त्या दुपारी मी औषधवाल्यांच्या दुकानासमोरून चार चकरा मारल्या, आत जायचा धीर होईना. पाचव्या चकरेला मुलगीच बाहेर आली. "काका, तुम्हाला ओ.आर.एस. हवंय का?" म्हणाली. मी म्हणालो, "नको. तुझ्या बाबांना म्हणावं, उद्या येऊन मागा. मागितलं तरच मिळतं. आणि त्यात लाजण्यासारखं..." पुढचं गिळलं. एवढं मात्र मी केलं.

शनिवारी सव्वातीन वाजता तिघं आली. मुलगी पुढे, औषधवाले मध्ये, वहिनी मागे, म्हणजे पळायची सोय नको.

ताईने टेबलावर वही उघडली, चष्मा लावला. हॉटेलच्या काउंटरमागे उभी असावी तशी उभी राहिली.

"नमस्कार. मी काय मदत करू?"

औषधवाल्यांनी घसा साफ केला. "माझी एक वस्तू राहिली होती."

"कुठली खोली?"

"बारा."

"वस्तू काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून चालत नाही. तुम्ही सांगायचं."

औषधवाल्यांनी छताकडे बघितलं. "रबराची आहे."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"रंग?"

"पिवळा."

"आकार?"

"गोल."

"देवा," वहिनी म्हणाल्या.

"काही विशेष खूण?"

औषधवाल्यांनी दाराकडे बघितलं, तिथे वहिनी होत्या. मग तो सहा फुटी माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "चोच आहे."

वहिनींनी डोळे उघडले. "काय आहे?"

"चोच. बदकाची. आणि उजवा डोळा पुसट झालाय."

ताईने पेटीतून रिंग काढली, चिठ्ठी ताडून बघितली आणि टेबलावर ठेवली. उजवा डोळा पुसट होता. ताईच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मला हसू फुटलं, मी ते खोकल्यात घातलं. मुलगी मात्र बदकाकडे बघत नव्हती. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मला पाण्याची भीती वाटते," औषधवाले टेबलाला सांगत होते. "इथल्या तलावावर सगळी ओळखीची पोरं. तिथे हॉटेलच्या तलावात मला कोणी ओळखत नव्हतं. तीन दिवस कोणी औषध मागत नव्हतं. खोलीत आलो की चादर ताणलेली असायची. वर्षभर मी उभाच असतो ना."

"मग जायचं बंद का केलंत?" वहिनींनी विचारलं.

"रिंग हरवली. मागायची लाज वाटली."

वहिनी ताईकडे वळल्या. "पाणी किती खोल होतं हो तिथे?"

ही हॉटेलची माहिती होती, पाहुण्याची नव्हे. ताईने सांगून टाकलं, "माझ्या छातीपर्यंत."

वहिनींनी ताईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग नवऱ्याला, आणि मग त्या जे हसायला लागल्या ते पदर तोंडात कोंबूनही थांबेनात. हसता हसता पुन्हा रडल्या, आणि मग खऱ्या संतापल्या. "बाई असती तर एक वेळ समजलं असतं. एकट्याने मजा केलीत! मला तळं बघायला आवडलं नसतं?"



औषधवाल्यांनी वहीत सही केली. मग मान वर न करता म्हणाले, "बुधवारी भर सभेत तुम्ही मला ओळखलंत."

ताईने वही मिटली.

"एक शब्द बोलला असतात तर मी तिथल्या तिथे फॉर्म भरून दिला असता."

"मग पंधरा मुलांना शिकवायला माझ्याकडे राहिलं काय असतं?" ताई म्हणाली. "चादर काय, कोणीही घालतं."

मुलीने पिशवीतून फॉर्म काढला. आधीच भरलेला होता, फक्त वडिलांच्या सहीची जागा मोकळी होती. औषधवाल्यांनी हातातलं पेन अजून खाली ठेवलेलं नव्हतं. प्राचार्यांच्या टेबलावर फॉर्म पडला तेव्हा पाचला दहा कमी होते. प्राचार्य कुलूप हातात घेऊन उभे होते.

ती मुलगी आज एका मोठ्या हॉटेलात आहे, हाताखाली वीस माणसं. तिचे आईवडील दरवर्षी तळ्याकाठी जातात. नियमाप्रमाणे हे मला माहीत नाही. औषधवाल्यांना अजून पोहता येत नाही, वहिनींना येतं.

ताई रोज साडेनऊला वर्गावर जाते. पहिल्या दिवशी ती मुलांना काहीच शिकवत नाही, आदल्या आठवड्यात घरी काय काय ऐकलं ते विचारते. जो सांगतो त्याला पहिला महिना फक्त चादरी.

हा लेख तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, छाप, पण त्या पाहुण्याची ओळख पटता कामा नये. म्हणून मी आवश्यक ते बदल केले आहेत. त्यांचं दुकान औषधांचं नाही. खोली बारा नंबरची नव्हती, रिंग पिवळी नव्हती, आणि ते बदकही नव्हतं. चोच मात्र होती.